अडलेला गोफ

चूक कोणी करायची, यावर अर्धा तास भांडण चाललं होतं.

चारकोपच्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये आठ बायका आठ रंगीत दोऱ्या हातात धरून उभ्या होत्या. दोऱ्यांची वरची टोकं छताच्या हुकाला अडकवलेल्या कड्यात बांधलेली होती. गौरीच्या संध्याकाळी बायकांनी गोफ विणायचा, हा रत्नागिरीकडच्या घरांनी इथे आणलेला रिवाज. आता त्यात सगळ्याच घरच्या बायका असत. चौघींनी डावीकडून यायचं, चौघींनी उजवीकडून, एकीच्या दोरीच्या वरून आणि दुसरीच्या दोरीच्या खालून नाचत जायचं, की वर आपोआप वेणी पडत जाते. मग ढोलकीने इशारा दिला की त्याच पावलांनी उलटं फिरायचं आणि घातलेली वेणी सोडवायची. विणणं कुणालाही जमतं; खरी परीक्षा सोडवताना. एखादीचं पाऊल चुकलं की गुंता होतो आणि आठही जणी आपापल्या दोरीला बांधल्यासारख्या उभ्या राहतात. अशी फजिती होऊ नये म्हणून या बायका इतकी वर्षं जिवाचं रान करत आल्या होत्या. आणि यंदा त्यांना नेमकी तीच फजिती सगळ्यांसमोर करून दाखवायची होती.

ही कल्पना जान्हवीची. जान्हवी सोसायटीच्या महिला मंडळाची सेक्रेटरी, आणि कल्पना सुचल्यावर गप्प बसणं तिच्या प्रकृतीला मानवत नसे. पण कल्पनेचं मूळ होतं शेवंती. शेवंती इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गारमेंटमध्ये काज-बटणाच्या कामाला होती. तिचा नवरा नंदू शाळेची बस चालवायचा आणि गणपतीत ढोलकी वाजवायचा. गेल्या होळीच्या सुमाराला शेवंतीला छातीत गाठ लागली. ऑपरेशन झालं. मग लाल औषधाच्या बाटल्या झाल्या, त्यात केस गेले. आता दर आठवड्याला दुसरं औषध चालू होतं, दिसायला साधं पाण्यासारखं.

या पाण्यात असं आहे तरी काय, असं तिने हॉस्पिटलच्या डे-केअर वॉर्डातल्या गंधाली मॅडमना विचारलं होतं. भाजीवालीला विचारावं तसंच विचारलं, कारण पैसे देऊन काय घेतोय ते विचारायची तिला सवय होती. गंधाली मॅडम वयाने लहान, पण सांगायची हौस असलेली डॉक्टर. त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि सांगितलं, की पेशीला एकाच्या दोन व्हायचं असतं तेव्हा ती आधी आपल्या आतल्या सगळ्या सामानाच्या जोड्या करते. मग आतल्या आत बारीक दोऱ्या विणते. त्या दोऱ्या जोडीतल्या एकेकाला पकडून दोन टोकांकडे ओढून नेतात, आणि ओढताना स्वतः सुटत सुटत आखूड होत जातात. दोऱ्या सुटल्या तरच पेशी दोन होणार. कॅन्सरची पेशी तर सारखी हाच उद्योग करत असते. हे औषध त्या दोऱ्या सुटूच देत नाही. मग पेशी ना एक राहते ना दोन होते, मधल्या मध्ये अडकते आणि वाट बघून बघून मरते.

शेवंतीने हे ऐकलं आणि सलाईन लावलेल्या हाताने कपाळाला हात मारला. हा तर आपला गोफ, म्हणाली. घरी येऊन तिने हे सगळं गॅलरीत उभ्या उभ्या जान्हवीला ऐकवलं, आणि तिथेच यंदाचा कार्यक्रम ठरला. शेवंतीवहिनींना बरं करणारं औषध गोफातून दाखवायचं. विणायचा, आणि सोडवताना अडकवायचा.

पण अडकवायचा म्हणजे कुणीतरी चुकायला हवं. आणि चुकायला एकही जण तयार नव्हती.

नलिनीकाकू सगळ्यांत मोठ्या. गोफ त्यांनीच या सगळ्यांना शिकवलेला. त्यांनी सांगितलं, की माझे गुडघे गेले तरी पावलं गेलेली नाहीत, मला हे सांगू नका. सपना म्हणाली की ती मंडळात नवी आहे, ती चुकली तर लोकांना खरंच वाटेल. जान्हवीने स्वतःचं नाव घ्यायचंच टाळलं. तिची सासू पहिल्या रांगेत बसते, हे सगळ्यांना माहीत होतं. औषधाचं एवढं कौतुक करणाऱ्या बायका, पण औषध व्हायला कुणी पुढे येईना.

"आधी नीट विणून तर घेऊ," शेवंती शेवटी म्हणाली. "चूक काय, मागाहून पण करता येईल."

नंदूने ढोलकी मांडीवर घेतली. बायका फिरायला लागल्या. शेवंतीच्या डोक्याला फुलाफुलांचा स्कार्फ होता, तोंडाला मास्क होता, पण पावलं तीच होती, हलकी आणि ठाम. इतक्या वर्षांत तिच्या पावलाने गोफ अडलाय असं कधी घडलं नव्हतं, आणि हे ती स्वतःही अधूनमधून लोकांना सांगत असे. वेणी सुरेख उतरत आली. ढोलकीने इशारा दिला, बायका उलट्या फिरल्या, वेणी उलगडू लागली. दुसऱ्या फेरीत काहीतरी ओढलं गेलं. नलिनीकाकू थांबल्या, त्यांच्यामागची थांबली, आणि बघता बघता आठही जणी उभ्या. वर भला मोठा गुंता, आणि शेवंतीची पिवळी दोरी मोकळीच हवेत झुलत होती.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग जान्हवीने टाळ्या वाजवल्या.

"वहिनी, झकास! कधी सोडली ते कळलंसुद्धा नाही. ठरलं, तुम्हीच चुकायचं."

बायका हसल्या, सुटल्यासारख्या हसल्या. शेवंतीने आपल्या हाताकडे पाहिलं. मूठ अजून आवळलेली होती. आत काहीही नव्हतं. मग तीही सगळ्यांबरोबर हसली. नंदूने मात्र ढोलकी बाजूला ठेवली आणि तो पाणी प्यायला बाहेर गेला.

खरी गोष्ट अशी होती, की दोरी हातातून कधी गेली ते शेवंतीला समजलंच नव्हतं. आधी पायांचं सुरू झालं. लादीवर अनवाणी चाललं तरी मोजे घातल्यासारखं वाटे. मग बोटांच्या टोकांना मुंग्या, आणि मुंग्यांनंतर काहीच नाही. एकदा दुपारी घरात कुणी नसताना तिने नंदूच्या जुन्या शर्टाला बटण लावून पाहिलं. सुई टोचल्याचं तिला कळलं ते कापडावर लाल ठिपका दिसल्यावर. शर्ट तिने पाण्यात टाकला. तिला फार भीती वाटली होती. कारखान्यातली खुर्ची मालकाने तिच्यासाठी ठेवली होती, पण बटण न लावता त्या खुर्चीत बसून करायचं काय?

तरीही दर आठवड्याला नर्स विचारायची, मुंग्या येतात का मावशी, आणि शेवंती दर वेळी सांगायची, छे, काही नाही. कारण शेजारच्या खुर्चीवर सलाईन घेणाऱ्या एका बाईने तिला सांगितलं होतं, की माझ्या नणंदेच्या जावेने तक्रारी केल्या, म्हणून तिचं औषध कमी केलं आणि वर्षात दुखणं परत आलं. ती नणंदेची जाऊ कोण, कुठली, तिला झालं काय होतं, हे शेवंतीने विचारलं नाही. सलाईनच्या बाटलीत काय आहे हेसुद्धा विचारणारी बाई, पण या गोष्टीत तिने एकही प्रश्न विचारला नाही. औषध पुरं घ्यायचं, तोंड उघडायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं.

त्या संध्याकाळी घरी नंदूने चहा केला. तो चहा करतो तेव्हा काहीतरी बोलायचं असतं, हे तिला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं.

"दोरी सुटली तुझ्या हातातनं," तो म्हणाला.

"सुटली नाय, सोडली."

"सोडली असती तर हात थांबला असता. तुझा हात रिकामाच वर-खाली होत होता. मी बघत होतो ना."

शेवंतीने कप उचलला. हल्ली ती कप कान धरून उचलत नसे, दोन्ही तळहातांत धरायची. नंदूने तिकडे नुसतं पाहिलं. तो काही बोलला असता तर ती भांडली असती. तो बोलला नाही म्हणून तिने सांगून टाकलं. पाय, बोटं, सुई, शर्ट, सगळं. सांगताना तिला वाटलं होतं तो चिडेल. तो चिडला नाही. खाली मान घालून बसला आणि म्हणाला की त्याला भीती वाटते. बस चालवताना सिग्नलला थांबलो की वाटते. मुलांचा दंगा चालू असतो म्हणून बरं, नायतर काय केलं असतं ठाऊक नाय, असंही म्हणाला.

"मॅडमना सांगितलं आणि औषध कमी केलं तर?" तिने विचारलं.

"आणि नाय सांगितलं, हात गेले तर?"

गणपती झाले की सांगते, असं शेवंती म्हणाली. नंदूने कप विसळून पालथा घातला आणि शांतपणे जाहीर केलं, की मग यंदा ढोलकी दुसऱ्या कुणालातरी सांगा, आपण वाजवणार नाय. ही धमकी पोकळ नव्हती. गेल्या वर्षी नंदू तापाने पडला होता तेव्हा जान्हवीने मोबाइलवरच्या ठेक्यावर गोफ विणवला होता, आणि त्या आठवणीने अजून बायकांच्या अंगावर काटा येत असे.

पुढच्या खेपेला शेवंतीने खुर्चीत बसायच्या आधीच गंधाली मॅडमना सांगितलं. मॅडमनी तिला डोळे मिटायला लावले आणि कापसाचा बोळा बोटांवरून फिरवला. लागलं की सांगा मावशी, म्हणाल्या. शेवंती डोळे मिटून बसून राहिली. थोड्या वेळाने तिने विचारलं, सुरू केलं का? मॅडमचं तोवर दोन्ही हातांचं तपासून झालं होतं.

मॅडम रागावल्या. म्हणजे अगदी आवाज चढवून नाही, पण नाव घेऊन बोलल्या, शेवंतीताई म्हणाल्या, आणि मावशीची ताई झाली हे शेवंतीला जास्त लागलं. मग त्यांनी पुन्हा तेच स्टूल ओढलं. शरीरातल्या नसा काही कॅन्सरसारख्या दुप्पट होत नाहीत, त्यांनी सांगितलं, पण तशाच बारीक दोऱ्या नसांमध्येही असतात. तिथे त्या रस्त्याचं काम करतात. पाठीच्या कण्यापासून बोटांच्या टोकापर्यंत नसेला लागणारं सगळं सामान त्या रस्त्यावरून जातं. औषधाला कॅन्सरची दोरी आणि नसेची दोरी यांतला फरक कळत नाही; ते दोन्ही आवळून धरतं. मग रस्ता बिघडतो आणि सामान पोचत नाही. सगळ्यांत लांब नसा पायांच्या आणि हातांच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून आधी हाल होतात ते त्यांचे.

"मग औषध कमी करणार?" शेवंतीने विचारलं.

"या आठवड्याला थांबवणार. पुढच्या वेळी थोडं कमी देणार. मावशी, बरंचसं औषध तुमच्या अंगात गेलंय, त्याने त्याचं काम केलंय. एवढ्याने ते फुकट नाही जात. असं आम्ही कितीतरी जणांना करतो."

"आणि बोटं? येतील परत?"

"बरीचशी येतील. महिने लागतील. थोडं कायमचं राहूही शकतं, ते मी खोटं नाही सांगणार. पण लपवत राहिला असतात तर नक्की राहिलं असतं."

शेवंती थोडी रडली. मॅडमनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. त्यातला एक कागद बोटांनी सुटा करणंही तिला जमेना, तेव्हा दोघी हसल्या. रडणं लपवायला काहीतरी बोलावं म्हणून तिने गोफाचा कार्यक्रम सांगितला. आम्ही तुमचं औषध नाचून दाखवणार आहोत मॅडम, गोफ मुद्दाम चुकवणार आहोत, फक्त चुकायला कुणी मिळेना. मॅडमनी सगळं नीट ऐकलं आणि कपाळाला आठी घातली.

"पण औषध चूक कुठे करतं? तुमचा गोफ बरोबरच विणलेला असतो. औषध फक्त तो धरून ठेवतं. सुटू देत नाही."

रिक्षात बसल्यावर शेवंती बरोबर आलेल्या नंदूला म्हणाली, की आपण सगळ्याजणी किती येड्या आहोत.

हॉलमध्ये मात्र तिने आधी स्वतःची गोष्ट सांगितली. त्या दिवशी मी दोरी सोडली नव्हती, ती पडली, मला कळलं नाही. जान्हवीचा चेहरा पडला. आपण टाळ्या वाजवल्या होत्या हे तिला आठवलं असावं. नलिनीकाकूंनी पुढे येऊन शेवंतीचा हात हातात घेतला, बोटांची टोकं एकेक करून दाबली आणि प्रत्येक वेळी विचारलं, कळतंय? शेवंतीने प्रत्येक वेळी मान हलवली, नाही. काकूंनी हात सोडला नाही, तसाच धरून उभ्या राहिल्या.

मग शेवंतीने स्वतःची पिवळी दोरी जान्हवीच्या जावेकडे दिली; ती खाली बसून कार्यक्रमाचे कपडे मोजत होती. ती बाई वर्षानुवर्षं सरावाला येत असे आणि कुणी आजारी पडायची वाट बघत असे. तिलाही ती अशी मिळायला नको होती. घेताना तिचे डोळे भरले. शेवंतीला फार वाईट वाटलं. गोफ तिचा होता. पोरसवदा वयात सासरी आली तेव्हा या सोसायटीत तिला कुणी ओळखत नव्हतं, आणि ओळख झाली ती या दोरीमुळे.

पण मग तिने दुसरी गोष्ट सांगितली, मॅडमची. कुणी चुकायचं नाही, आठही जणींनी अगदी बरोबर नाचायचं. सोडवायची वेळ आली की मी मध्ये जाणार आणि वेणी जिथे संपते तिथे दोन्ही हातांनी धरणार. बघू कशी सोडवताय ते.

हे ऐकून बायकांना जो आनंद झाला तो सांगण्यापलीकडचा होता. कुणाचीच अब्रू जाणार नव्हती. नलिनीकाकू तर म्हणाल्या, की मी आधीच सांगत होते औषध चुकीचं नाही. असं त्या कधीच म्हणाल्या नव्हत्या, पण कुणी हरकत घेतली नाही. वेणी छातीपर्यंत उतरवायची असं ठरलं, कारण ऑपरेशनच्या बाजूचा शेवंतीचा हात अजून पुरता वर जात नव्हता. आणि नंदूने सांगितलं की आपण वाजवणार, नाहीतर तुम्ही परत मोबाइल काढाल.

गौरीच्या संध्याकाळी आरती झाली आणि मांडवात खुर्च्या भरल्या. पहिल्या रांगेत जान्हवीची सासू होतीच. जान्हवीने माइकवर औषधाची माहिती सांगितली. निम्मी बरोबर होती, निम्मी तिची स्वतःची होती, पण लोकांनी ती मन लावून ऐकली. मग नंदूच्या हाताखाली ढोलकी बोलू लागली आणि आठ दोऱ्या फिरू लागल्या. शेवंती हिरवी नऊवारी नेसून, स्कार्फवर अबोलीचा गजरा माळून बाजूला उभी होती. आपली दोरी दुसरीच्या हातात फिरताना ती डोळ्यांनी तिच्यामागे जात होती. एकदाही ती दोरी चुकली नाही. शेवंतीला बरं वाटलं, आणि थोडं बरं नाहीही वाटलं.

वेणी छातीपर्यंत आली. ढोलकीने इशारा दिला, बायका उलट्या फिरल्या, आणि शेवंती मध्ये गेली. तिने वेणीचं टोक दोन्ही मुठींत धरलं. बोटांना काही कळत नव्हतं, म्हणून तिने मान खाली घालून मुठींकडे पाहत पकड आवळली. बायकांनी पाऊल टाकलं, दोऱ्या ताणल्या, वेणी जागची हलली नाही. त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं. मांडवात हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, सोडू नका शेवंतीवहिनी. आणखी कुणीतरी म्हणालं, घट्ट धरा. मग हळूहळू हशा थांबला, कारण आठ बायका खरोखरीचा जोर लावत होत्या आणि मधली एकटी बाई खरोखरीच तो धरून उभी होती.

ती ओढ शेवंतीला जाणवली. बोटांत नाही. मनगटात जाणवली, कोपरात जाणवली, ऑपरेशनच्या बाजूच्या खांद्यात तर चांगली दुखली. इतक्या दिवसांनी कशाचा तरी भार हातात आल्यासारखं तिला वाटलं, आणि तिचा चेहरा मास्कच्या आत हसला.

चार ठेके झाले की ढोलकी थांबणार आणि शेवंती गोफ सोडणार, असं ठरलं होतं. ठरल्या जागी नंदूने ढोलकी थांबवली. टाळ्या झाल्या. बायकांनी दोऱ्या सैल केल्या. शेवंतीने हात सोडले नाहीत, उलट पकड आणखी आवळली. नंदूने तिच्याकडे पाहिलं, पुन्हा ढोलकी मांडीवर ओढली आणि वाजवायला लागला.